थंड देशातला उष्माघात: तो कसा ओळखावा आणि पहिल्या अर्ध्या तासात काय करावे

चंद्रपूर, अकोला किंवा परभणीत आयुष्य काढलेल्या माणसाला लंडनमधला ३२ अंशांचा दिवस उन्हाळा वाटतच नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी गेलेले आईवडील ‘आम्ही पंचेचाळीस अंश पाहिले आहेत’ असे म्हणून त्या दिवसाकडे दुर्लक्ष करतात. घरातली तरुण माणसेही सकाळी कामाला निघताना खिडक्या-पडद्यांचा फारसा विचार करत नाहीत, कारण उरलेले अकरा महिने तिथे घर उबदार कसे ठेवायचे हीच चिंता असते. हा लेख अशा घरांसाठी आहे.

थंड हवामानाच्या देशांत उन्हाच्या लाटेची मोजपट्टीच वेगळी आहे. आपल्याकडे मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. ब्रिटनमध्ये मात्र लंडनच्या परिसरात सलग तीन दिवस २८ अंश आणि स्कॉटलंड, वेल्सच्या बऱ्याच भागात २५ अंश एवढे तापमानही लाट जाहीर करण्यास पुरेसे असते. हे त्या लोकांच्या नाजूकपणाचे लक्षण नाही. उष्णता सोसण्याची क्षमता शरीरात कायमची साठवलेली नसते. रोजच्या उष्णतेत वावरल्यावर ती साधारण एक ते दोन आठवड्यांत तयार होते आणि थंड हवेत गेल्यावर काही आठवड्यांतच ओसरते. ती तयार होताना रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. मार्चमध्ये अकोल्याहून निघालेल्या माणसाचे शरीर जुलैपर्यंत ही सारी तयारी विसरलेले असते, त्याच्या मनात मात्र ती शाबूत असते, आणि धोका नेमका या तफावतीत आहे.

‘ऊन लागणे’ हा आपला शब्दप्रयोगही इथे दिशाभूल करतो, कारण थंड देशांतले उष्णतेचे बळी बहुतांशी उन्हात पडत नाहीत. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार अधिकचे मृत्यू झाले, त्यांत एकटे राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि पॅरिसमधल्या जस्ताच्या छपरांखालच्या खोल्या विशेष घातक ठरल्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जून २०२१ च्या अखेरीस आलेल्या लाटेने ६१९ जणांचा बळी घेतला, आणि त्यांतल्या जवळजवळ सर्वांना मृत्यू आणणारी उष्णता घराच्या चार भिंतींच्या आतच लागली होती. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, तेव्हा ब्रिटनने प्रथमच चाळिशी ओलांडली. त्या उन्हाळ्यातल्या लाटांमध्ये एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे तीन हजार अधिकचे मृत्यू झाले. तिथली घरे आतली ऊब बाहेर जाऊ नये अशीच बांधलेली असतात, भिंतींत उष्णतारोधक थर असतो, छताला पंखा नसतो, उंच इमारतींतल्या खिडक्या सुरक्षिततेसाठी चार बोटेच उघडतात आणि जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळत असल्यामुळे पश्चिमेकडच्या खोल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तापत राहतात.

उष्माघात दोन वाटांनी येतो आणि दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत. पहिला शांतपणे, दोन-तीन दिवसांत येतो. वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, आणि मनोविकारावरची काही औषधे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना तो गाठतो. पहिल्या दिवशी जेवण कमी होते, दुसऱ्या रात्री झोप लागत नाही, तिसऱ्या दिवशी माणूस गप्प आणि सुस्त होतो, आणि घरच्यांना वाटते की थकवा असेल. दुसरा श्रमातून येतो आणि तरुण, धडधाकट माणसाला तासाभरात लोळवतो. धावपटू, सैनिक, बांधकामावरचे आणि शेतावरचे मजूर हे त्याचे नेहमीचे बळी. त्यासाठी बाहेर फार उकाडा असावाच लागतो असे नाही, कारण श्रम करणारे स्नायू स्वतःच प्रचंड उष्णता निर्माण करतात. २०१८ ची लंडन मॅरेथॉन २४.१ अंशांना त्या स्पर्धेच्या इतिहासातली तोवरची सर्वांत उष्ण ठरली होती. आपल्याकडे ज्याला सुखद हवा म्हणतात त्या तापमानात बेचाळीस किलोमीटर धावणे, तेही थंडीत सराव केलेल्या शरीराने, धोक्याचे असते.

ओळख मेंदूवरून करावी

वैद्यकात उष्माघाताची व्याख्या दोन गोष्टींवर उभी आहे: शरीराच्या आतले तापमान साधारण ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेले असणे आणि मेंदूच्या कामात बिघाड दिसणे. यातली पहिली गोष्ट घरी नीट मोजता येत नाही. काखेतला, कपाळावरचा किंवा कानातला तापमापक अशा वेळी खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवू शकतो, विशेषतः घामाने किंवा पाण्याने कातडी ओली असेल तेव्हा. विश्वासार्ह मोजमाप गुदद्वारातूनच मिळते आणि ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. म्हणून तापमापकावर ३८.५ दिसले एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. घरच्या माणसाने पाहायचे ते दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे माणसाच्या वागण्याबोलण्याकडे.

साधे प्रश्न विचारावेत. आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले, आपण कोणत्या शहरात आहोत, समोर उभा असलेला कोण. उत्तर चुकले, उशिरा आले, जीभ जड झाली, विषय सोडून बडबड सुरू झाली, किंवा एरवी शांत असणारा माणूस चिडून अंगावर येऊ लागला, तर गरम हवेत या प्रत्येक गोष्टीचा अर्थ मेंदू तापला आहे असाच धरावा. चालताना झोकांड्या जाणे, उभे राहता न येणे, झटके येणे आणि शुद्ध हरपणे ही पुढची पायरी आहे. मी इथे एका वाक्याबद्दल विशेष सावध करतो: ‘मला काही झालेलं नाही, मला फक्त पडू द्या.’ गोंधळलेल्या मेंदूला आपण गोंधळलो आहोत हे कळत नाही, त्यामुळे रुग्णाच्या अशा आश्वासनाला त्या क्षणी काडीचाही आधार नसतो आणि त्याला एकट्याला खोलीत झोपू देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

घामाबद्दलचा समज फार पक्का बसला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. घाम थांबून कातडी कोरडी, तापलेली होणे हे वृद्धांमध्ये पुष्कळदा दिसते. पण श्रमातून उष्माघात झालेला माणूस बहुधा घामाने निथळत असतो. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, हा निष्कर्ष त्यामुळे काढू नये. ‘कातडी लाल होते’ हे पुस्तकी लक्षणही आपल्या सावळ्या वर्णावर सहज दिसत नाही. त्यापेक्षा तळहाताची मागची बाजू रुग्णाच्या छातीवर किंवा पोटावर ठेवून पाहावी. कपाळ आणि हातपाय फसवतात, धडाची ऊब तेवढी फसवत नाही.

उष्णतेचा थकवा ही याच्या अलीकडची स्थिती आहे. डोके दुखणे, भोवळ, मळमळ, पोटरीत किंवा पोटात गोळे येणे, खूप घाम, फिकट व चिकट कातडी, जोराची तहान, नाडी जलद असणे, लहान मुलांमध्ये किरकिर आणि मरगळ ही तिची लक्षणे आहेत, परंतु अशा वेळी माणूस भानावर असतो आणि विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे बरोबर देतो. त्याला थंड जागी न्यावे, जास्तीचे कपडे काढावेत, पाय थोडे उंच करून आडवे करावे, अंग ओले करून वारा घालावा, आणि पाणी, जलसंजीवनी, पातळ ताक किंवा मीठ-साखर घातलेले सरबत घोटाघोटाने पाजावे. हे करताना घड्याळाकडे लक्ष असू द्यावे. तीस मिनिटांत स्पष्ट उतार पडला नाही, किंवा मधेच उत्तरे चुकू लागली, तर तो थकवा राहिलेला नाही असे समजून पुढच्या उपचारांकडे वळावे.

शंका उरतेच. वृद्ध माणसाचा गोंधळ जंतुसंसर्गाच्या तापाने, रक्तातली साखर उतरल्याने किंवा पक्षाघातानेही होऊ शकतो. मधुमेही असल्यास साखर तपासून घ्यावी, तोंड किंवा एक हात वाकडा, लुळा दिसतो का हे पाहावे आणि ते रुग्णवाहिकेच्या माणसांना सांगावे. मात्र अंग भट्टीसारखे तापलेले असेल आणि दिवस उष्ण असेल, तर निदानाचा वाद नंतर होऊ द्यावा. गार करणे त्याआधी सुरू झालेले असावे.

आधी गार करणे, मग हलवणे

उष्माघातात नुकसान किती होणार हे तापमान किती चढले यापेक्षाही ते किती वेळ चढलेले राहिले यावर अधिक ठरते. पहिल्या अर्ध्या तासात ते ४० च्या खाली आणणे हे ध्येय आहे, आणि हा अर्धा तास रुग्णालयाचा नसून घरातल्या किंवा रस्त्यावरच्या माणसांचा असतो. रुग्णाला मोटारीत कोंबून रुग्णालयाकडे धावणे आपल्याला स्वाभाविक वाटते. पण तापलेल्या मोटारीत, वाहतुकीत अडकून तो मौल्यवान वेळ वाया जातो. एकाने दूरध्वनी करावा, दुसऱ्याने त्याच क्षणी पाणी हातात घ्यावे. ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२, युरोपीय संघातल्या देशांत ११२, अमेरिका व कॅनडात ९११ आणि भारतात ११२ किंवा १०८ हे क्रमांक आहेत. आईवडील घरी एकटे राहणार असतील तर हा क्रमांक, घराचा पत्ता, पोस्टकोड आणि ‘हीट स्ट्रोक, कन्फ्यूज्ड’ हे तीन शब्द मराठी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावेत; इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही तेवढे म्हणता येते आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरते.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे गळ्यापर्यंत थंड पाण्यात बुडवणे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या फॅल्मथ इथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत श्रमजन्य उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्याचे टब वापरून जागच्या जागी उपचार झाले आणि ते सर्वजण वाचले. थंड पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आतली उष्णता कोंडली जाते, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. प्रत्यक्षात तापलेल्या शरीरात तसे घडत नाही. बुडवलेल्या माणसाचे तापमान दर पाच मिनिटांना सुमारे एक अंशाने उतरते आणि दुसरा कोणताही घरगुती उपाय या वेगाजवळ पोहोचत नाही.

घरात न्हाणीचा टब असेल, मदतीला किमान दोन माणसे असतील आणि रुग्ण तरुण किंवा एरवी धडधाकट असेल, तर हाच मार्ग धरावा. टबात नळाचे थंड पाणी भरावे, असेल तेवढा बर्फ टाकावा, रुग्णाला आत बसवावे, एकाने मागून दोन्ही काखांत हात घालून त्याचे डोके व छातीचा वरचा भाग धरून ठेवावा आणि दुसऱ्याने पाणी सतत ढवळत राहावे, कारण अंगालगतचे पाणी लगेच कोमट होते. बर्फ नसला तरी थांबू नये. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात हात भाजावे इतके तापते. थंड देशांत नळाचे पाणी जमिनीखालच्या वाहिन्यांतून येते आणि भर उन्हाळ्यातही चांगले गार असते. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या माणसाला एकट्याने टबात घालण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये, कारण त्यात बुडण्याचा धोका उष्णतेइतकाच खरा आहे. मैदानावर टब नसेल तर ताडपत्री उपयोगी पडते: रुग्णाला तिच्या मध्यभागी ठेवून चार-सहा जणांनी कडा उचलून धराव्यात आणि तयार झालेल्या खोलगट जागेत पाणी व बर्फ ओतून ते हिंदकळत ठेवावे.

वयस्कर, हृदयविकार असलेल्या किंवा उचलता न येणाऱ्या माणसासाठी ओलावा आणि वारा हा मार्ग बरा. आतले कपडे सोडून बाकी सर्व काढावे. या वेळी संकोच आड येतो, विशेषतः सासऱ्यांचे कपडे सुनेने कसे काढायचे या विचाराने मौल्यवान मिनिटे जातात. वर एक पातळ ओला पंचा टाकावा, पण कपडे काढावेतच. मग सगळ्या अंगावर फवाऱ्याने किंवा तांब्याने पाणी घालत राहावे आणि टेबलपंखा थेट अंगावर सोडावा, पंखा नसल्यास पुठ्ठ्याने वारा घालावा. उष्णता नेते ती उडून जाणारी वाफ, त्यामुळे कातडी सतत ओली आणि वारा सतत चालू असायला हवा. जाड चादर भिजवून गुंडाळून ठेवली तर काही मिनिटांत तिचेच पांघरूण होते; पंचे वापरायचे तर पातळ, आणि दर दोन-तीन मिनिटांनी थंड पाण्यात बुडवून बदललेले. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गोठवलेल्या मटारची पिशवी मानेवर, काखांत आणि जांघेत ठेवावी, मात्र ही जोड आहे, मुख्य उपाय नव्हे. कपाळावरची मिठाच्या पाण्याची पट्टी तर इथे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिने गार होणारा भाग फारच थोडा असतो.

पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नये. तापात मेंदूच शरीराचे नेमलेले तापमान वर सरकवतो आणि ही औषधे ते खाली आणतात. उष्माघातात ते मुळात वर सरकलेलेच नसते, शरीराची गार होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच भाजून निघणाऱ्या यकृतावर किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेवर भार मात्र पडतो. कांद्याचा रस तळपायाला चोळणे, खिशात कांदा ठेवणे हे उपाय आपल्या घराघरांत मायेने केले जातात, पण त्यांच्यात गेलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, पन्हे काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तो बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे आणि त्याच स्थितीत पाणी व वारा चालू ठेवावा. श्वास थांबल्यास छाती दाबण्याचे प्रथमोपचार सुरू करावेत.

रुग्ण नीट बोलू लागला, किंवा अंग जोराने थरथरू लागले, की पाण्यातून बाहेर काढून पुसावे. त्यापुढे गार करत राहिल्यास तापमान गरजेपेक्षा खाली घसरते. मात्र शुद्धीवर आला म्हणून रुग्णवाहिका परत पाठवू नये. स्नायू विरघळून मूत्रपिंडे बंद पडणे, यकृताला इजा होणे, रक्त गोठण्यात बिघाड होणे हे परिणाम एक-दोन दिवसांनी उघड होऊ शकतात आणि ते रक्ततपासणीतूनच कळतात. चालू औषधांची यादी, शेवटची लघवी केव्हा झाली व तिचा रंग कसा होता, आणि गोंधळ किती वाजता सुरू झाला, एवढे कागदावर लिहून सोबत द्यावे.

लाट येण्याआधी

ब्रिटनमध्ये जून ते सप्टेंबर या काळात पिवळ्या, अंबर आणि लाल रंगांचे उष्णता-आरोग्य इशारे दिले जातात. अंबर दिसताच घराची दिनचर्या बदलावी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम आहे तोवर खिडक्या व पडदे बंद, आणि रात्री गार वारा सुटल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. ही आपल्या जुन्या वाड्यांतली रीत थंड देशांत नव्याने शिकावी लागते, कारण तिथे ऊन पडले की खिडक्या उघडण्याची सवय आहे. वृद्धांची झोपण्याची जागा लाटेपुरती तळमजल्यावर किंवा उत्तरेच्या खोलीत आणावी. खोली ३५ अंशांच्या पुढे गेली की कोरड्या अंगावरचा पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तेव्हा अंग ओले करूनच तो वापरावा. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. त्या मनाने बंद करणे वेगळ्या संकटाला आमंत्रण देते. मोटार सावलीत आहे किंवा बाहेर बावीसच अंश आहेत म्हणून तान्ह्या मुलाला तीत पाच मिनिटेही ठेवू नये, बंद काचांच्या आत तासाभरात चाळिशी ओलांडली जाते.

एकटे राहणाऱ्या माणसाला लाटेच्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी दूरध्वनी करावा, आणि ‘बरे आहात ना’ असे न विचारता सविस्तर उत्तर द्यावे लागेल असे काही विचारावे. काय जेवलात, रात्री किती वेळा उठलात, खोलीतला आकडा किती. बोलण्याची गती आणि सुसंगती त्यातूनच ऐकू येते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी आवाज सुस्त वाटला तर शेजाऱ्याला दार वाजवायला सांगावे, आपण पोहोचेपर्यंत थांबू नये.

उष्माघातातून उठलेल्या माणसाने किमान आठवडाभर व्यायाम व श्रम टाळावेत आणि डॉक्टरांनी रक्ततपासणी पाहून होकार दिल्यावरच हळूहळू सुरुवात करावी. त्याचे शरीर पुढचे काही आठवडे, क्वचित महिने, उष्णतेला लवकर हार जाते. आईवडिलांचे परतीचे तिकीट याच काळातले असेल आणि उतरायचे नागपूरसारख्या उष्ण गावी असेल, तर ते पुढे ढकलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, आणि ढकलता येत नसेल तर विमानतळापासून घरापर्यंतचा प्रवास रात्रीचा ठेवून पहिले दोन आठवडे दुपारी उंबऱ्याबाहेर पडणे टाळावे.